दुसरा गिअर

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात खंडोजीराव घाटग्यांच्या दुकानाला पाटी नव्हती. अर्धवट वर केलेलं शटर, आत एक लेथ, एक लांब लाकडी बाक आणि तेल पिऊन काळी पडलेली फरशी. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला कुणी विचारलं, "गिअरबॉक्सवाले राव कुठे बसतात?" तर तो किटली न ठेवता मानेनंच दाखवायचा.

घाटग्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात चाकरीला आले आणि इथलेच होऊन गेले. पुढे घोडदळ गेलं. आजोबांनी टांगा हाकला, वडिलांनी लॉऱ्या दुरुस्त केल्या. घरात मराठी टिकली, पण ती कन्नडशी इतकी मांडीला मांडी लावून बसली की कुठला शब्द कुणाचा हे घरातल्यांनाही सांगता येईना. खंडोजीराव वडिलांच्या हाताखाली लॉरीचे गिअरबॉक्स खोलायला शिकले. मग कोडगूच्या एका कॉफीमळेवाल्याची जुनी इटालियन स्पोर्ट्स गाडी कशी कोण जाणे त्यांच्या बाकापर्यंत आली. तिचा गिअरबॉक्स त्यांनी उघडला, आणि त्या दिवसापासून लॉऱ्यांवरचं त्यांचं मन उडालं.

गाडीचं बाकी काही त्यांना नको असायचं. रंग, कातडी सीट, लाकडी स्टिअरिंग, लोक ज्याला भुलतात त्यातलं काहीच नाही. स्वतःकडे जुनी स्कूटर. पण इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते ती या एवढ्याशा लोखंडी पेटीतून, आणि पेटी बाहेरून बघून काही कळत नाही, यातच त्यांना सगळी गंमत वाटायची. जुन्या हौशी गाड्यांना नवीन पेटी मिळत नाही. मिळते ती कुठल्यातरी मोडीत निघालेल्या गाडीची, कुणाकुणाच्या हातून गेलेली. ती घ्यावी की नाही, घेतली तर किती मोलाची धरावी, हे विचारायला बंगळूर, उटी, कोईमतूरहून माणसं खंडोजीरावांकडे येत.

ते आधी पेटीतलं जुनं तेल दोन बोटांत चोळून बघत. बोटांवर पितळेची चमक आली तर आतल्या कड्या झिजल्यात. मग शाफ्ट हातानं फिरवून एकेक गिअर टाकत, डोळे मिटून. सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या गिअरवर. गावात, चढावर, उतारावर माणूस सगळ्यात जास्त राबवतो तो दुसराच, आणि पेटीचं खरं वय तिथेच कळतं. सगळं झालं की हात पुसत एवढंच म्हणत, "घ्या." किंवा "सोडा." त्यावर कुणी घासाघीस करत नसे.

सरस्वतीपुरमचे जगन्नाथराव त्यांच्याकडे आले ते असेच. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. खंडोजीराव त्यांना इथल्या रीतीप्रमाणे 'मेष्ट्रे', म्हणजे मास्तर, म्हणत. त्यांचे मामा चहामळ्यावर डॉक्टर होते. मूलबाळ नसल्यानं मामांची जुनी इंग्लिश टू-सीटर भाच्याकडे आली. गाडी देखणी, पण पेटीशिवाय. मामांनी ती कधी दुरुस्तीला म्हणून काढून पाठवली आणि ती कुठे गेली, याचा पत्ता मामांबरोबरच गेला.

पेटी शोधण्यात बराच काळ गेला, आणि त्या काळात दोघांची गट्टी जमली. एखादी पेटी कळली की दोघे बसने जाऊन बघून येत, आणि खंडोजीराव "सोडा" म्हणाले की वाटेत इडली खाऊन परत. मेष्ट्रांच्या बायको विशालाक्षीबाई कधीकधी दुकानात येत. कोडुबळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या तिखट कडबोळ्यांचा डबा उघडून बाकाच्या टोकाला ठेवीत आणि स्टुलावर बसून प्रत्येक वस्तूची चौकशी करीत.

"हे कशाला?"

"हे फिरतं, त्यानं ते फिरतं."

"आणि ते कशाला फिरतं?"

खंडोजीराव हसत. त्यांच्या कामाची एवढी चौकशी घरी त्यांच्या बायकोनं, गोदावरीबाईंनीही कधी केली नव्हती.

शेवटी कोईमतूरच्या एका जुन्या भंगारवाल्याकडे पेटी सापडली. खंडोजीरावांनी तेल चोळलं, शाफ्ट फिरवला. कवचाला कुठे डाग नाही, बेअरिंग ठीक, तिसरा-चौथा उत्तम. दुसरा मात्र थकलेला. ते बराच वेळ उकिडवे बसून राहिले, आणि मग म्हणाले, "घ्या. दुसऱ्याचं मी बघतो."

पुढचा प्रश्न होता गिअरला दाते किती ठेवायचे, म्हणजे गाडी वेगाची करायची की चढाची. मेष्ट्रांना वाटे, गाडीनं बंगळूरच्या रस्त्यावर लांब ढांगा टाकाव्यात. विशालाक्षीबाईंना हायवे नकोच होता.

"मला डोंगरावर जायचंय," त्या म्हणाल्या. "चामुंडीला. मध्ये न थांबता. स्कूटरवर आयुष्यभर मागे बसले, आणि दर खेपेला अर्ध्या चढावर हे म्हणायचे, उतर गं जरा. या गाडीत मी उतरणार नाही."

मेष्ट्रे हसत सुटले. खंडोजीरावांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या एका मोडक्या पेटीतला, चढाला बरा पडेल असा दुसरा गिअर त्यांनी घेतला, लेथवर घासून बसता केला, पितळी कड्या नव्या घातल्या. दात्यांवर निळी शाई लावून फिरवून पाहिलं, शाई सगळ्या दात्यांवर सारखी उठेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

राहिली एक बारीकशी गोष्ट. गिअर टाकल्यावर तो जागेवर राहावा म्हणून आत एक छोटी गोळी असते, आणि तिच्या पाठीशी बोटाच्या पेराएवढी स्प्रिंग. स्प्रिंगनं गोळी दाबून धरली की गिअर आपण होऊन निसटत नाही. पेटीतली स्प्रिंग ढिली पडली होती. तशी नवी कुठे मिळेना. खंडोजीरावांनी एका जुन्या जीपच्या पेटीतली स्प्रिंग काढली. जाडी तीच, लांबी तीच. अंगठ्यानं दाबून पाहिली. जराशी मऊ वाटली का? पुन्हा दाबली. नाही, ठीक होती. त्यांनी ती बसवली आणि झाकण लावलं.

मग स्वतः गाडी श्रीरंगपट्टणच्या रस्त्यावर फिरवून आणली. वेग घेतला, सोडला, दुसऱ्यात टाकून उतारावर अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. गिअर जागचा हलला नाही. परत आले तर विशालाक्षीबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या.

"घाट चढेल ना, राव?"

"निर्धास्त जा," खंडोजीराव म्हणाले.

त्यानंतर ती दोघं कितीदा तरी डोंगरावर गेली. पहाटेचं धुकं, वरची कॉफी, खाली येताना दिसणारा शहराचा पसारा, सगळ्याचं वर्णन दुकानात येऊन होई. एका सकाळी मात्र मेष्ट्रांच्या पुतण्याचा, शरतचा फोन आला. त्याला मराठी धड येत नसे, तो कन्नडमध्येच बोलला. डोंगरावरून उतरताना वळणावर गाडी कठड्याला धडकून खाली झाडावर गेली. काकांचा पाय मोडलाय. काकू गेल्या.

खंडोजीराव फोन धरून उभे राहिले. सगळ्यात आधी त्यांच्या मनात आलं ते विशालाक्षीबाईंचं तोंड नव्हे. मेष्ट्रेही नव्हेत. आली ती स्प्रिंग. अंगठ्याखाली जराशी मऊ वाटलेली. माणूस गेल्याची बातमी ऐकल्यावर आपल्याला आधी स्प्रिंग आठवली, याची त्यांना इतकी लाज वाटली की स्टुलावर बसायचंही सुचेना.

उताराचं गणित त्यांना कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्यात असली की गाडी इंजिनाच्या जोरावर आवरून उतरते. गिअर निसटला की सगळा भार ब्रेकवर. त्या जुन्या ब्रेकना एवढा लांब उतार म्हणजे तापून हात टेकणंच. पोलिसांनी पंचनाम्यात ब्रेक निकामी झाल्याचं लिहिलं. तेही खरंच असणार. पण ब्रेक निकामी झाले ते कशामुळे?

अंत्यविधीला ते मागे उभे राहिले. इस्पितळात मेष्ट्रांना भेटले तेव्हा मेष्ट्रे छताकडे बघत पडले होते. खंडोजीरावांचा हात हातात घेऊन म्हणाले, "आलात की राव." बाकी काही नाही. बायको गेलेल्या माणसाला, तुमचा गिअर निसटला का हो, असं कुठल्या तोंडानं विचारायचं?

घरी जेवण जाईना. गोदावरीबाईंनी दोनतीनदा खोदून विचारलं तेव्हा त्यांनी स्प्रिंगचं सांगितलं.

"तुम्ही गाडी चालवून बघितली होती की," त्या म्हणाल्या.

"होती."

"मग?"

"एकदा बघितली. ते रोज चालवत होते."

"अय्यो, असं म्हणायला लागलं तर कुणी कामच करू नये."

खंडोजीराव ताटावरून उठले. बायकोचं बोलणं चुकीचं नव्हतं, पण त्यांच्या उपयोगाचंही नव्हतं. त्यांना कुणाची समजूत नको होती. जन्मभर त्यांनी बंद पेट्या उघडून आत काय झालं ते सांगितलं होतं. दात्याच्या कडेवरून ते सांगत की मालक घाईचा होता की आळशी, तेल बदलत होता की नाही. त्यांना ही एकच पेटी उघडून बघायची होती. निसटला असेल तर दात्यांच्या कडा बोलतील, गोळीवर व्रण असेल, स्प्रिंग सांगेल. आपण मारलं असेल तर मारलं म्हणून कळू दे. नसेल तर तसं.

पण पोलिसांच्या आवारात गाडीला हात लावू देईनात. "तुमचा काय संबंध?" असं तिथल्या माणसानं विचारलं तेव्हा खंडोजीराव तसेच परत फिरले. पुढे पोलिसांनी सांगाडा सोडला तो शरतनं ताब्यात घेतला, आणि काकांच्या डोळ्यांसमोर तो येऊच नये म्हणून परस्पर भंगारात देऊन टाकला. हे खंडोजीरावांना कळलं ते चहावाल्याकडून, उशिरा.

हुणसूर रस्त्यावरच्या भंगाराच्या आवारात ते धावत गेले. सांगाडा होता. नाक चेपलेलं, दार उघडून लोंबत असलेलं. पेटीची जागा रिकामी.

"ती होय," भंगारवाला म्हणाला, "ती लगेच गेली. असल्या पेट्यांना गिऱ्हाईक टपून असतं. बंगळूरच्या श्रीहरीनं नेली."

खंडोजीराव तिथेच एका टायरवर बसले. ती पेटी दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसेल हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. आता ते आलं, तसे ते उठले. त्यांनी श्रीहरीला फोन लावला. हा सुट्या भागांचा व्यापारी, नावानं ओळखीचा.

"ती पेटी कुणाला देऊ नका," खंडोजीराव म्हणाले.

"का हो राव? तुम्हाला हवी?"

"नको. तिच्यात... तिच्यात दोष असेल."

पलीकडून हसण्याचा आवाज. "राव, तुम्हीसुद्धा? भाव पाडायचा तर सरळ सांगा की." फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते बंगळूरला गेले. श्रीहरीचं दुकान म्हणजे एका गल्लीतली लांबलचक अंधारी खोली, छतापर्यंत इंजिनं रचलेली. श्रीहरी माणूस वाईट नव्हता. खंडोजीरावांचा चेहरा बघून त्यानं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं.

"अखंड विकलेली नाही," तो म्हणाला. "धक्क्यानं कवचाला चीर गेली होती. म्हणून खोलली. चांगले भाग निवडून काढले, बाकीचं त्या पिंपात."

पिंप कमरेएवढं होतं, नाना गाड्यांच्या दात्यांनी, शाफ्टांनी, नटबोल्टांनी भरलेलं. खंडोजीरावांनी बाह्या वर केल्या. दुपार होईतो ते एकेक तुकडा काढून उजेडाला धरत होते. श्रीहरीनं दोनदा चहा पाठवला, तो तसाच निवला.

दुसरा गिअर सापडला. आपल्या लेथची घासणी त्यांनी लगेच ओळखली. दारात जाऊन, चष्मा कपाळावर सारून त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. दोन दात्यांच्या कडा तुटलेल्या, तूट ताजी, चकचकीत. उतारावर गिअर निसटून दाते एकमेकांवर आपटले तर अशीच तूट होते. गाडी झाडावर आदळून सगळा धक्का पेटीत आला, तर तेव्हाही अशीच होते. त्यांनी गिअर फिरवून फिरवून बघितला. बोटांनी कडा चाचपल्या. डोळे मिटून चाचपल्या. जन्मभर ज्या बोटांना लोखंड आपण होऊन सगळं सांगत आलं, त्यांना या तुकड्यानं काही सांगितलं नाही.

"गोळी आणि स्प्रिंग?" त्यांनी विचारलं.

श्रीहरीनं खोलणाऱ्या माणसाला हाक मारली. त्या माणसाला प्रश्नच चमत्कारिक वाटला. झाकण काढताना ती उडतेच, तो म्हणाला. उडाली असेल. झाडलोटीत गेली असेल.

खंडोजीरावांनी तरीही फरशीवर गुडघे टेकून बाकांखाली हात घालून बघितलं. त्यांच्या वयाच्या माणसानं असं रांगणं श्रीहरीला बघवेना. त्यानं दंडाला धरून उठवलं. "राव, झालं काय ते तरी सांगा." खंडोजीरावांनी गिअर पिशवीत टाकला आणि स्टेशनची वाट धरली.

त्यानंतर किती तरी दिवस ते सरस्वतीपुरमकडे फिरकले नाहीत. शेवटी एका संध्याकाळी गेले. मेष्ट्रे काठी घेऊन चालायला लागले होते. घरात सगळं जागच्या जागी होतं, फक्त कुणी आवाज करत नव्हतं.

"मेष्ट्रे," खंडोजीराव म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. पेटीतली एक स्प्रिंग मी जीपची घातली होती. तुम्हाला बोललो नव्हतो."

त्यांनी सगळं सांगितलं. स्प्रिंग कशाला असते, ती कशी वाटली, बंगळूरला काय सापडलं, काय सापडलं नाही. मेष्ट्रे काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

"म्हणजे गिअर निसटला असेल म्हणता?"

"असेल. नसेलही. तुम्हालाच ठाऊक, मेष्ट्रे. गिअरचा दांडा हातात उसळला होता का?"

मेष्ट्रांनी काठी भिंतीला टेकवली. मग अगदी हळू म्हणाले, "मला आठवत नाही. वरून निघालो ते आठवतं. ती बोलत होती. तलकाडला जाऊ या म्हणत होती, वाळूतली देवळं बघायला. पुढचं सगळं कोरं." ते पुढे म्हणाले. "राव, मला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची खोड आहे. स्कूटरपासूनची. ती ओरडायची त्यावरून, दर वेळी. त्या दिवशी ती ओरडली का, हे मी रोज आठवायला बघतो. ओरडली असेल तर मीच टाकली."

"आणि ओरडली नसेल तर?"

"तर काय, तुम्ही आता सांगितलंत की."

खंडोजीरावांना वाटलं होतं, मेष्ट्रे चिडतील, चालते व्हा म्हणतील. किंवा खांद्यावर हात ठेवतील. दोन्हीची त्यांनी मनाची तयारी केली होती. मेष्ट्रांनी दोन्हीतलं काही केलं नाही.

"तुम्ही यायला नको होतं," ते म्हणाले. रागानं नव्हे, थकून. "मी केलं असं धरून मी कसाबसा उठत होतो. निदान कुणी केलं ते पक्कं होतं. आता तेही नाही."

खंडोजीराव उठले. दाराशी त्यांनी हात जोडले. मेष्ट्रांनीही जोडले, परक्या माणसाला जोडतात तसे.

पुढे दोघांची भेट झाली नाही. एकदा देवराज मार्केटात खंडोजीरावांना लांबून काठी दिसली, तेव्हा ते केळीवाल्यांच्या गल्लीत वळले, आणि वळता वळता त्यांना दिसलं की मेष्ट्रेही उलट्या दिशेला फिरले आहेत.

कामाला लोक येत राहिले, थोडे दिवस. उटीचा एक जण पेटी घेऊन आला. खंडोजीरावांनी तेल चोळलं, शाफ्ट फिरवला, एकेक गिअर टाकला. पेटी चांगली होती. हात सांगत होते, चांगली आहे. गिऱ्हाईक तोंडाकडे बघत उभं. खंडोजीरावांनी हात पुसले, शब्द जुळवायला बघितला, पण तो काही केल्या बाहेर येईना.

"घेऊ ना राव?"

"तुम्ही बघा," ते म्हणाले.

"मी काय बघू? तुमच्याकडे त्यासाठीच आलो की."

"मला सांगता येत नाही."

माणसाला वाटलं, म्हाताऱ्याला आपल्याशी काम करायचं नाही. तो पेटी उचलून गेला. असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. मग बंगळुरात, कोईमतुरात बोभाटा झाला की म्हैसूरच्या रावांची नजर गेली. नजर शाबूत होती. पण शब्द न देणाऱ्याकडे पेटी घेऊन कोण येणार?

मुलगी वाणी बंगळूरहून आली, चार दिवस राहिली. 'डॉक्टरला दाखवू या, अप्पा,' म्हणाली. त्यांनी दाखवलं. गोळ्या मिळाल्या, झोप थोडी आली. झोपेत तरी काही बरं दिसेल अशी गोदावरीबाईंची आशा होती, पण ते उठत तेव्हा चेहरा तसाच, रात्रभर कुणाशी तरी वाद घालून हरल्यासारखा.

लेथ त्यांनी विकून टाकला. बाक कुणी घेईना, तो पडून आहे. पुढची अर्धी जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला दिली. खंडोजीराव सकाळी येतात, त्याच्या मागे स्टूल टाकून बसतात. रस्त्यावरून रिक्षा, बुलेट, शाळेच्या व्हॅन जातात. प्रत्येकीचा गिअर कुठे बदलला ते त्यांच्या कानाला न बघता कळतं, आणि ते कळू नये म्हणून ते कव्हरवाल्याला रेडिओ मोठा कर म्हणतात.

मागच्या महिन्यात शरत येऊन गेला. काकांना हुबळीला त्यांच्या बहिणीकडे नेलं, घर भाड्यानं दिलं, असं सांगून गेला. काकांनी काही निरोप दिला का, असं खंडोजीरावांनी विचारलं.

"इल्ला," शरत म्हणाला. नाही.

खंडोजीरावांनी मान डोलावली. मग शरतला उगाच बसवून चहा पाजला, त्याच्या नोकरीचं विचारलं, लग्नाचं विचारलं, आणि तो उठला तेव्हा त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले. परत येऊन दुकानात बसायचं त्यांच्या जिवावर आलं. ते तिथेच, चहावाल्याच्या फळीला पाठ टेकून, संध्याकाळपर्यंत उभे राहिले.